वाघजाईचे तपेले

गुरुवार, दि. ३ एप्रिल २०२५

आज सकाळी साडेनऊ वाजता देवळाच्या माळ्यावरून वाघजाईचे तांब्याचे तपेले खाली उतरवले. त्यास चार माणसे लागली. वाडीने ॲल्युमिनियमची पातेली आणली तेव्हापासून, म्हणजे वीस वर्षे, ते वर पडून होते. राजगडावरील शिबंदीचे अन्न याच तपेल्यात शिजत असे, असे माझे आजोबा सांगत. त्यांना त्यांच्या आजोबांनी सांगितले होते. याहून मोठा दाखला मी मागत नाही.

बारा तारखेस, चैत्र पौर्णिमेला, जत्रा आहे. उत्सव समितीचा अध्यक्ष या नात्याने मी भोरचे इतिहास अभ्यासक श्री. प्रद्युम्न यांस पाहुणे म्हणून बोलावले आहे. तपेल्याच्या आतल्या काठावर काही अक्षरे आहेत, ती थराखाली दबली आहेत. पाहुण्यांस ती वाचता आली पाहिजेत, सबब तपेले आतून-बाहेरून घासण्याचे काम मी स्वतःकडे घेतले.

मी चौथी उत्तीर्ण आहे. एकतीस वर्षे या वाडीचा पोलीस पाटील होतो. त्या काळात माझा एकही अहवाल वेल्हे ठाण्याने दुरुस्तीसाठी परत पाठवला नाही. जे काम हाती घेतले ते पूर्ण केले.

रविवार, दि. ६ एप्रिल

चिंच, मीठ आणि विटेची पूड. तीन दिवस. आतला पांढुरका थर फार चिवट होता, परंतु शेवटी निघाला. आता आत पाहिले तर उगवत्या सूर्याकडे पाहिल्यासारखे वाटते.

काल सूनबाई अश्विनी पाण्याची कळशी घेऊन आली आणि उभीच राहिली.

"आप्पा, बाहेरनं लखलखीत झालंय की. आतलं पांढरं ऱ्हाऊ द्या ना. आत्याबाई आतनं कधी घासू द्यायच्या न्हाईत."

"तुझ्या सासूबाईंना तपेल्याचा इतिहास ठाऊक नव्हता."

"बरं," म्हणाली आणि गेली. तिच्या या "बरं"मध्ये नेहमी काहीतरी राखून ठेवलेले असते. तिच्यावर लक्ष ठेवले पाहिजे.

बुधवार, दि. ९ एप्रिल

आज चंद्राबाईला बोलावून घेतले. ही शाळेत मुलांचे जेवण रांधते. गुंजवणीच्या धरणात गाव गेल्यावर यांचे घर वर आमच्या वाडीत आले. त्यामुळे बोलण्यात वाडीचा आदब कमी आहे. प्रसादाचा भात, लापशी आणि ताकाची कढी तिनेच करावयाची आहे. सर्व तपेल्यातच झाले पाहिजे, असे मी सांगितले.

"भात शिजवते हवं तर तुमच्या तपेल्यात," ती म्हणाली. "कढी न्हाई. कढी माझ्या पातेल्यात."

"देवीच्या भांड्याला नावे ठेवतेस?"

"नावं कुठं ठिवली? ऐकून तर घ्या पाटील, त्याला आतनं—"

मी तिला तेथेच थांबवले. रांधणाऱ्या बाईने अध्यक्षास कारणे सांगावीत, अशी आमच्याकडे रीत नाही.

"ऱ्हायलं! मंग भात बी माझ्याच पातेल्यात. तपेलं ठिवा देवीम्होरं, शोभंल. तुमी बी बसा शेजारी."

आसपासच्या बायका हसल्या. कोण कोण हसले याची मी मनात नोंद घेतली आहे.

रविवार, दि. १३ एप्रिल

काल अघटित घडले. काल लिहिणे झाले नाही. आज क्रमवार लिहितो.

पावणेअकरास स्वयंपाक उरकला. सव्वाअकरास चंद्राबाई नैवेद्य घेऊन डोंगरावरच्या देवीच्या मूळ ठाण्याकडे निघाली. जिने रांधले तिनेच वर नैवेद्य न्यावा, तेथेच जेवावे आणि ऊन उतरल्याशिवाय खाली येऊ नये, अशी आमची जुनी चाल आहे. सोबत भिमा गुरव व दोन सवाष्णी होत्या. स्टीलच्या डब्यांतून भात, कढी व लापशी नेली.

पाहुणे साडेअकरास यावयाचे होते. पोचे पडलेल्या पातेल्यांतून त्यांच्यासमोर कढी वाढणे वाडीस शोभणारे नव्हते, म्हणून मंडपवाल्याच्या दोघा गड्यांकडून मी ती देवीच्या तपेल्यात ओतवून घेतली. रिकामी पातेली त्यांनी आपल्या सामानाबरोबर टेम्पोतून सारोळ्यास, मंडपवाल्याच्या गोदामात नेली. ही किरकोळ बाब आहे. क्रम चुकू नये म्हणून नोंदवली.

राजगडास जाणाऱ्या हौशी लोकांच्या मोटारींत अडकून पाहुणे दोन वाजण्याच्या सुमारास पोहोचले. त्यानंतर माझे भाषण झाले. काही लोक ते लांबले असे म्हणतात. पाऊण तास हे इतिहासाच्या मानाने काहीच नव्हे. पंगत पावणेतीनला बसली.

पहिल्याच घोटाला साळूबाई ओरडल्या, "अगं बाई, कढी कळकलीया! तपेल्याची कल्हई बगितली न्हाई व्हय कुणी?" आणि पानाबाहेर थुंकल्या. साळूबाईंचे वय ऐंशीच्या पुढे आहे. त्या प्रत्येक पंगतीत काही ना काही थुंकतात. मी वाढप्यांना पुढे जाण्यास सांगितले.

अर्ध्या तासात लोक उलट्या करू लागले. अडतीस जण. ठकुबाईंची शुद्ध हरपली, त्यांस भोरला हलवले. मलाही दोन वेळा उलटी झाली; ती मी देवळामागे जाऊन केली.

चंद्राबाई पाच वाजता खाली आली. लोकांनी तिला घेरले.

"तपेल्यात कढी रांधलीस व्हय गं?"

"म्या न्हाई! म्या पातेल्यात केली. देवीची आण."

"कुठं हाईत पातेली? दाव."

पातेली नव्हती. मी त्या वेळी आजाऱ्यांना गाडीत बसवण्यात गुंतलो होतो.

माझे स्वतःचे संशय असे. प्रद्युम्न यांनी कढीस स्पर्श केला नाही. ताकाने घसा धरतो म्हणाले. भाषणे देत फिरणाऱ्या माणसास घशाची भीती आताच कशी वाटली? परंतु दुसरी गोष्ट अधिक गंभीर आहे. वरच्या ठाण्यावर जेवलेले चौघेही ठणठणीत आहेत. चंद्राबाईसह. सर्व वाडी आडवी झाली आणि जिने रांधले ती उभी. हे कसे?

सोमवार, दि. १४ एप्रिल

वेल्हे ठाण्यातून फौजदार बाई आल्या. शुभ्रा देवस्थळी. वय तिशीचे, मूळच्या भोरच्या. मी सहा कलमी लेखी अहवाल तयार ठेवला होता: चंद्राबाईने तपेले वापरण्यास आधीपासून नकार दिला, तिने अध्यक्षांस उलट उत्तर दिले, कढीपाशी ती एकटी होती, कढी खाऊनही ती आजारी पडली नाही, इत्यादी. बाईंनी तो घडी घालून खिशात ठेवला आणि विचारले, "काका, कढीला फोडणी कशाची होती?"

एकतीस वर्षांत असा तपास मी पाहिला नव्हता. मग त्या घरोघर फिरल्या. कोणी काय खाल्ले, किती खाल्ले, चव कशी होती. साळूबाईंच्या ओसरीवर तासभर बसल्या. मला आत बोलावले नाही.

दुपारी देवळात तपेले पाहिले. आत हात फिरवला, लिंबाची फोड घासली, फोडीकडे बराच वेळ पाहत राहिल्या.

"हे इतकं लख्ख कुणी केलं?"

"मी," मी म्हणालो. "तीन दिवस लागले."

त्यांनी माझे नाव वहीत लिहून घेतले. तपासाच्या सुरुवातीसच माझ्या कामाची दखल घेतली गेली याचे समाधान वाटले.

"आणि कढी यातच शिजली का?"

"ते रांधणारीस विचारावे," मी सांगितले. उत्तर नियमास धरून होते.

बुधवार, दि. १६ एप्रिल

फौजदार बाई आज आमच्याकडे जेवल्या. अश्विनीने आंबेमोहोराचा भात, कुळथाचे पिठले व भाकरी केली होती. बाईंनी पिठले दोनदा मागून घेतले. सरकारी वेळेत इतके सावकाश जेवणे मला रुचले नाही.

"आमच्या आळीत कल्हईवाला बसायचा," त्या सांगत होत्या. "भाता मारायचा, नवसागर टाकायचा, आणि पांढरा धूर. आजी म्हणायची, कल्हई उडाली की ते भांडं फक्त पाण्याला."

"आमच्यात बी आत्याबाई तेच म्हणायच्या," अश्विनी म्हणाली.

दोघींनी एकमेकींकडे पाहिले. या दोघींची आधीची ओळख असावी काय?

दुपारी प्रद्युम्न यांचा दूरध्वनी आला. छायाचित्रावरून अक्षरे लागली, म्हणाले. तपेले गडावरचे नाही. भोर संस्थानच्या काळात कोणा लेकुरवाळ्या बाईने नवस फेडताना देवीस वाहिलेले आहे. तिचे नाव व तांबटाची खूण आहे. फार तर सव्वाशे वर्षे.

वस्तूची किंमत कमी करून सांगायची आणि मग ती संग्रहालयासाठी मागायची, ही या लोकांची पद्धत मला ठाऊक आहे. मी त्यांना कळवले की माझे आजोबा खोटे बोलत नसत.

ठकुबाई शुद्धीवर आल्या आहेत, परंतु अद्याप पेजच घेतात.

शुक्रवार, दि. १८ एप्रिल

दवाखान्याचा अहवाल आला. आजाऱ्यांच्या पोटात तांबे गेले होते. विष कोणी घातले नव्हते. फौजदार बाईंनी देवळापुढे सर्वांस समजावून सांगितले: कल्हई नसलेल्या तांब्यात ताकासारखा आंबट पदार्थ राहिला की तांबे त्यात उतरते. तपेल्याला कल्हई होती, ती जत्रेपूर्वी घासून काढली गेली.

साळूबाई म्हणाल्या, "म्या कवाधरनं बोंबलतिया. पर थुकलं की म्हातारी येडी."

"मंग चंद्रीचाच गुन्हा की!" कोणी ओरडले. "कल्हई न्हाई हे रांधनारनीला दिसाय नगं?"

"थांबा," बाई म्हणाल्या. "कढी तपेल्यात शिजली असती, तर वर नेलेलीही बिघडली असती. चौघं जण तीच कढी जेवले, काहीच झालं नाही. म्हणजे सव्वाअकराला कढी चांगली होती. पावणेतीनला बाधली. मधले साडेतीन तास ती कुठल्या भांड्यात होती आणि तिथं कुणी घातली, एवढंच मला हवंय. मंडपात कोण होतं?"

बाईंनी सर्वांकडे पाहिले. माझ्याकडेही पाहिले, पण इतरांहून अधिक वेळ नाही. निदान मला तसे वाटले.

घरी येऊन मी तेरा तारखेचे पान उघडले. "ही किरकोळ बाब आहे." अक्षर माझे आहे, वळणदार आहे.

जो थर मी तीन दिवस खरवडला, ती कल्हई होती. नऊ तारखेस चंद्राबाई तेच सांगत होती आणि मी तिचे वाक्य पुरे होऊ दिले नाही.

शनिवार, दि. १९ एप्रिल

लिहिण्यासारखे काही नाही.

रविवार, दि. २० एप्रिल

सकाळी वाडीची बैठक झाली. फौजदार बाईंचे म्हणणे लोकांनी ऐकून घेतले होते, मनावर घेतले नव्हते. वर नेलेली कढी तिने वेगळी केली असेल, असे एकाने म्हटले आणि तेच सर्वांस पटले. ठराव असा झाला की उद्यापासून चंद्राबाईच्या हातचे शाळेत कोणाचे मूल जेवणार नाही. शाळेने दुसरी बाई पाहावी.

ती मागे खांबाला टेकून उभी होती. पुढे आली.

"बारा वरीस तुमची पोरं माझ्या हातचं खात्यात. कुनाचं पोट दुखलं? सांगा की!"

मग ती माझ्यापुढे येऊन उभी राहिली.

"पाटील, तुमी व्हता मंडपात. म्या वर गेल्याव तुमीच व्हता. तुमी बोला."

मी म्हणालो, तपास चालू असता साक्षीदाराने चारचौघांत बोलणे नियमास धरून नाही.

लोकांनी माना डोलावल्या. माझ्या शब्दाला वाडीत मान आहे. नियम असा आहेच. परंतु मी तो ज्या कारणासाठी सांगितला ते कारण नियमात नाही, हे येथे लिहून ठेवणे भाग आहे.

सोमवार, दि. २१ एप्रिल

सकाळी अश्विनीने न्याहारीचे ताट ठेवले आणि नेहमीप्रमाणे आत गेली नाही.

"आप्पा, मंडपवाल्याच्या गड्याला म्या फोन केला व्हता. मंगळवारीच."

मी भाकरी मोडता मोडता विचारले, "मग फौजदार बाईंना का सांगितले नाहीस?"

"तुमी सांगाल म्हनून थांबलेय."

इतके दिवस मी हिच्यावर लक्ष ठेवून होतो. प्रत्यक्षात तीच माझ्याकडे पाहत थांबली होती.

दहाच्या एस.टी.ने वेल्ह्यास गेलो. फौजदार बाई बाकावर बसून डबा उघडत होत्या. त्यांनी तो बंद केला. त्या लिहून घेण्यास तयार होत्या, परंतु मी सांगितले की जबानी मी स्वतः लिहीन. पाऊण पान झाले. दोन ठिकाणी खाडाखोड झाली. नवा कागद मागण्याचा विचार आला, परंतु मागितला नाही.

"तुम्ही मुद्दाम केलं नाही, काका," बाई म्हणाल्या. "तसंच वर कळवेन. पुढचं साहेब ठरवतील."

"मुद्दाम केले नाही हे तपेल्याबाबत खरे आहे," मी म्हणालो. "शुक्रवारपासूनचे मुद्दाम आहे. तेही त्यात लिहिले आहे."

त्यांनी कागद पुन्हा वाचला. जबानीची एक प्रत मी मागून घेतली.

चार वाजता वाडीत परतलो. भिमा गुरवास घंटा वाजवण्यास सांगितले. लोक जमल्यावर देवळाच्या पायरीवर उभा राहून पूर्ण जबानी वाचली. कल्हई मी काढली. कढी मी ओतवली. साळूबाईंनी सांगितले तेव्हा वाढप थांबवले नाही. दोषी कोण हे कळूनही तीन दिवस बोललो नाही. चंद्राबाईचा यात काडीचा दोष नाही. शेवटी तपेले गडाचे नसून कोणा नवस फेडणाऱ्या बाईचे आहे, हेही सांगितले. ते जबानीत नव्हते.

कोणी दगड मारला नाही, शिवी दिली नाही. एकेक जण उठून गेला. साळूबाई तेवढ्या बसून राहिल्या. "पाटील," त्या म्हणाल्या, "भाशान आज बेतात केलंत."

समितीच्या अध्यक्षपदाचा राजीनामा भिमापाशी दिला. त्याने तो काय करायचा असे विचारले. मलाही ठाऊक नव्हते.

मंगळवार, दि. २२ एप्रिल

शाळेने चंद्राबाईस सकाळीच निरोप पाठवला. ठराव रद्द झाला. मुले जेवली. हे अश्विनीकडून कळले.

दुपारी चारला मी तिच्या घरी गेलो. अश्विनी सोबत येते म्हणाली, मी नको म्हटले. चंद्राबाई अंगणात तांदूळ निवडत होती. उठली नाही. मी उभाच राहिलो.

"बसा म्हनलं तर बसाल," ती म्हणाली. "चा ठिवला असता, पर तुमाला त्याची बी जबानी लिवाय लागंल."

मी बसलो. म्हणालो, "चंद्राबाई, नऊ तारखेस तुझे बोलणे मी तोडले. ती माझी पहिली चूक. त्यापुढच्या सर्व चुका मी लिहून दिल्या आहेत. मी तुझी माफी मागतो." हे वाक्य मी वाटेत जुळवले होते.

"तुमी काल वाचलं ते समदं ऐकलं म्या. म्हागं हुबी व्हते." ती सुपातले खडे बाजूला टाकत होती. "काय सोडलं न्हाई तुमी. येळ, तारीक, समदं. पर येक ऱ्हायलं."

"काय राहिले?"

"परवा, तुमच्या बैठकीवरनं घरी आले. पोरीला ताट वाढलं. आमची श्रावणी, नात माझी. सा वर्साची हाय. घास घेईना. म्हनली, आज्जे, तू आदी खा, मंग मी खाते." तिने मान वर केली. "त्ये तुमच्या कागदात कुठं लिवलंय, पाटील?"

मी खिशातून प्रत काढली होती. ती तशीच हातात राहिली. चंद्राबाई सूप घेऊन आत गेली. मी प्रत घडी करून खिशात ठेवली आणि निघालो.

श्रावणीचे ते बोलणे कागदात कोठेही लिहिलेले नव्हते. सबब तिचा प्रश्न, तिने विचारला त्याच शब्दांत, येथे लिहून ठेवला आहे.